कुंडलिकेवर राफ्ट, कयाक : पाण्यात उतरण्याआधी काय बघायचं? (अनुभव धागा)

पाऊस सुरू झाला की कुंडलिका नदीवरच्या कोलाडचे बेत ठरू लागतात आणि 'कोणाकडून बुकिंग करू, किती पैसे पडतात' हे प्रश्न येतात. त्याची उत्तरं चार फोन केले की मिळतात. हा धागा त्यापुढचा आहे. साजे ते कामत हा कुंडलिकेचा टप्पा किंवा त्यासारखी कुठलीही डोंगरी नदी राफ्टने (हवा भरलेली रबरी नाव) किंवा कयाकने (एकट्याने वल्हवायची अरुंद नाव) करायची असेल, तर घरातून निघण्याआधी आणि काठावर उभं राहून काय तपासायचं, ते जाणकारांनी लिहावं. कसे पडलो, कसे वाचलो हे दुसऱ्या धाग्यावर. इथे फक्त दुसऱ्याला उद्या वापरता येईल असं.

काठावरचा :
सुरुवात पाण्यापासून. कुंडलिकेतलं राफ्टिंगचं पाणी मुळशी धरणाचं असतं. टाटांच्या भिरा वीजगृहातून (१९२७ पासून चालू आहे) वीज तयार झाली की ते नदीत येतं. म्हणून ही नदी एप्रिल-मेमध्येही चालते. त्याचा दुसरा अर्थ असा की वीजनिर्मिती नाही तर राफ्टिंग नाही. आदल्या संध्याकाळी आणि निघताना, असं दोनदा विचारा : उद्या पाणी सुटणार आहे का, किती वाजता, किती वेळ?

स्वतःच्या कयाकने जाणाऱ्यांची चूक अशी होते की पाणी दिसलं रे दिसलं की उतरतात. पाण्याचं तोंड पुढे सरकत असतं आणि वल्हवणारा त्याला गाठतो. मग पुढे नुसते खडक. जिथून पाण्यात उतरायचं तिथे पाणी एका पातळीवर स्थिर झालं की अर्धा तास थांबा. वीजगृहातला संच बंद पडला तर पाणी मध्येच उतरतं, तेव्हा मधल्या टप्प्यावर गाडीरस्ता कुठे काठाला येतो हे नकाशावर आधीच बघून ठेवा.

कोरड्या पात्रात बसून डबा खाणाऱ्यांसाठीही हेच. वर आभाळ स्वच्छ असलं तरी पाणी येऊ शकतं.

पांढरंपाणी :
पावसाळ्यात हिशोब बदलतो. वीजगृहाचं पाणी अधिक ताम्हिणीच्या डोंगरातून येणारे ओढे. किती पाणी सोडलं हे कळलं तरी नदीत एकूण किती आहे ते त्यावरून कळत नाही. साधा उपाय : पाण्याच्या कडेला काठी रोवा, पंधरा मिनिटांनी बघा. काठी वीतभर बुडाली तर त्या दिवशी नदी तुमची नाही. पाणी एकदम गढूळ होणं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणं, तळातले धोंडे गडगडल्याचा आवाज येणं, यातलं काहीही दिसलं-ऐकलं तरी बाहेर.

कुंडलिकेचे रॅपिड (नदी खडकांतून खळाळत उतरते ते टप्पे) ग्रेड दोन-तीनचे सांगतात, म्हणजे अवघडपणाच्या एक ते सहा श्रेणींतले. ते नेहमीच्या पाण्याला. ग्रेड ही त्या दिवशीच्या पाण्याची असते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की खडकावर दाबणारा जोर चौपट होतो.

थ्रोबॅग :
लाइफ जॅकेटबद्दल. 'घातलंय' एवढं पुरत नाही. सगळे पट्टे ओढून झाल्यावर दुसऱ्याने खांद्याचे दोन्ही पट्टे धरून वर उचलायचं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदला. खळाळत्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे माणूस शांत पाण्यापेक्षा कमी तरंगतो. तलावात नौकाविहाराला देतात ते पातळ जॅकेट इथे चालत नाही. हेल्मेट पुढे-मागे हलवून बघा, कपाळ उघडं पडत असेल तर उपयोग शून्य. पायात बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल. चप्पल पहिल्याच लाटेत जाते आणि मग काठावरच्या दगडांतून अनवाणी चालावं लागतं.

थ्रो बॅग म्हणजे पिशवीत भरलेला, पाण्यावर तरंगणारा १५ ते २० मीटर दोर. फेकणारा रॅपिडच्या शेजारी नको, खालच्या बाजूला हवा. पडलेला माणूस खाली वाहत येतो आणि दोर ताणला की झुलत काठाला लागतो, त्यामुळे तो जिथे लागेल तिथे खडक किंवा झाड नसलं पाहिजे. आधी 'दोर!' असं ओरडून त्याची नजर मिळवा, मग डोक्यावरून पलीकडे फेका. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, कमरेला बांधायचा नाही, दोन्ही टोकांच्या माणसांनी. पकडणाऱ्याने पिशवी न धरता दोर धरायचा, पाठीवर व्हायचं आणि दोर काठापासून लांबच्या खांद्यावरून घ्यायचा. म्हणजे तोंड पाण्याबाहेर राहतं. दोर अडकला तर कापायला, दोर वापरणाऱ्याच्या जॅकेटवर सुरी हवीच.

वल्हंकरी :
वरच्यात राफ्टमधल्यांसाठी भर. वल्ह्याच्या टोकाची आडवी मूठ कधीही सोडू नका. राफ्टमध्ये दात पडतात ते बहुतेक शेजाऱ्याच्या मोकळ्या मुठीने, खडकाने कमी. राफ्टच्या तळाशी पाय अडकवायला पट्टे असतात, त्यात पाय फक्त चवड्यापर्यंत. घोट्यापर्यंत खुपसला तर राफ्ट उलटताना पाय अडकतो.

राफ्ट खडकावर आडवी गेली की सगळे घाबरून खडकापासून लांब सरकतात. नेमकं उलटं करायचं : सगळ्यांनी खडकाच्या बाजूला झेपावायचं. लांब सरकलात तर प्रवाहाकडची कड दबते, पाणी आत शिरतं आणि राफ्ट खडकाला गुंडाळली जाते. राफ्ट उलटून खाली सापडलात तर हात वर लावून एकाच दिशेने सरकत राहा. दिशा बदलली की आत गोल फिरत बसाल.

पांढरंपाणी :
@वल्हंकरी, पडल्यावरचं राहिलं. पाठीवर, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्यावर दिसतील असे. उभं राहायचं नाही, पाणी गुडघ्याच्या वर असेल तोवर. पाऊल दोन दगडांत अडकतं, मागचं पाणी पाठीवर दाबतं आणि कमरेएवढ्या पाण्यात माणूस बुडतो. याला एकच अपवाद. समोर प्रवाहात आडवं पडलेलं झाड असेल तर पाय पुढे ठेवू नका. पालथे व्हा, झाडाकडे जोरात पोहा आणि छातीने खोडावर चढा. फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही.

आणि बंधारे. वरून बघताना पाण्याची गुळगुळीत रेघ दिसते, आवाजही फार नसतो. खाली पडणारं पाणी उलटं फिरून भिंतीकडे येतं आणि त्यात सापडलेला माणूस, ओंडका, राफ्ट तिथेच फिरत राहतात. नदीवर डोलवहाळला बंधारा आहे. नदी कुठलीही असो, नकाशावर बंधाऱ्यांवर आधी खूण करा, रॅपिड नंतर.

देवप्रयागी :
हृषीकेशला जाणाऱ्या पुण्या-मुंबईकरांसाठी. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद असतं. कोलाडचा अंदाज तिथे लावू नका. गंगेचं पाणी बर्फाचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये विशेष थंड. पडल्यावर पहिलं मिनिटभर धाप लागते, श्वास ताब्यात येत नाही. तेवढा वेळ फक्त तरंगायचं, पोहण्याची घाई नको. सुती कपडे नकोत. पहिल्यांदा जाताय तर ब्रह्मपुरी किंवा शिवपुरीपासूनचा टप्पा घ्या. कौडियालापासून सुरू केलं तर वाटेत 'द वॉल' लागतो, तो पहिल्या दिवसाचा रॅपिड नव्हे.

काठावरचा :
स्वतःच्या कयाकवाल्यांसाठी शेवटचं. निदान तीन नावा. एक अडकली, दुसरा तिच्याजवळ, तिसरा मदत आणायला. कयाकच्या आतल्या रिकाम्या जागेत हवेच्या पिशव्या फुगवलेल्या हव्यात, कारण पाणी भरलेली कयाक दोनशे किलोच्या वर जाते आणि चौघांना हलत नाही. स्प्रे स्कर्ट (कमरेभोवती घालून कयाकच्या तोंडावर ताणायचं, पाणी आत येऊ न देणारं आवरण) लावला की तो काढण्यासाठी पुढची ओढायची कडी बाहेर आहे का, ते दरवेळी हाताने चाचपा. इशारे काठावर ठरवा : वल्हं उभं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा, तीन शिट्ट्या म्हणजे संकट. हात नेहमी जायच्या दिशेला दाखवायचा, धोक्याकडे कधीच नाही. पाण्याच्या आवाजात मागच्याला फक्त हात दिसतो आणि तो तिकडेच वळतो.

घाटवाट :
बुकिंग करून जाणाऱ्यांनी फोनवर एवढं विचारावं : सोबत सुरक्षेसाठी कयाक असते का, किती राफ्टमागे एक, गाइडचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालंय का, वयाची अट काय. 'अट काही नाही' असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा. खांदा पूर्वी निखळलेला असेल, फिट येत असतील किंवा गरोदर असाल तर गाइडला न विचारता स्वतःच काठावर थांबा. रात्री दारू झाली असेल तर सकाळी राफ्ट नाही, याला गटातल्या कोणाची हरकत असेल तर ती घरी असतानाच मिटवा.

गाडीची किल्ली कुठल्या गाडीत राहिली हेही बघा. शेवटी पाण्याबाहेर पडायच्या जागी दुसरी गाडी उभी आणि तिची किल्ली सुरुवातीच्या साज्याला, हे फार होतं. किल्ली जॅकेटच्या आतल्या चेनच्या खिशात, दोरीने बांधून.