केल्सीने पिंजरे जाळले, पण तयारी कुठे होती?

कोरांटी:
एरिका जोहान्सनचं 'द इन्व्हेजन ऑफ द टिअरलिंग' (२०१५) संपवलं, टिअरलिंग या काल्पनिक राज्यावरच्या कादंबरीत्रयीचा दुसरा भाग. रहस्यभेद आहे, न वाचलेल्यांनी इथूनच मागे फिरा. पहिल्या भागात १९ वर्षांची राणी केल्सी राजधानीत येते काय आणि शेजारच्या मॉर्टमेन राज्याला जाणाऱ्या गुलामांचे पिंजरे पेटवते काय! वाचताना मीही टाळ्या पिटल्या. पण आईने केलेला तह मोडला की मॉर्ट फौज दारात येणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. समोर लोखंडी तोफा, हिच्याकडे धड पोलादही नाही. मग दुसऱ्या भागात सरहद्दीवरची गावं उठवून माणसं राजधानीत आणायची वेळ येते. याला मी राज्यकारभार म्हणणार नाही, हट्ट म्हणेन.

चहाबाज:
साफ असहमत. तह टिकला होता कुणाच्या जिवावर? दर महिन्याला सोडत निघायची आणि माणसं पिंजऱ्यात, त्यात लहान पोरंसुद्धा. आधी तयारी करा, मग बंदी घाला म्हणताय, तर मधल्या खेपा कुणाच्या घरातून भरायच्या तेही सांगा.

कोरांटी:
पिंजऱ्यातल्यांना सोडवलंच पाहिजे. पण सेनापतीशी एक शब्दही न बोलता?

चहाबाज:
सेनापतीला विचारलं असतं तर पिंजरे आजही उभे असते.

रातवा:
मला युद्धापेक्षा थॉर्नचं प्रकरण जास्त खटकलं. गुलामांच्या खेपा चालवणारा माणूस, त्याला मृत्युदंड ठीक. पण सगळ्यांदेखत, गळ्यातल्या जादुई नीलमण्यांच्या जोरावर हालहाल करून? मग मॉर्टमेनच्या लाल राणीत आणि हिच्यात फरक तो काय राहिला? शिवाय केल्सी दिसायला साधी, हेच तर पहिल्या भागात आवडलं होतं. इथे तिला सुंदर करून टाकलं. (वायए, म्हणजे किशोर-तरुणांसाठी लिहिणाऱ्यांना साधी राणी झेपत नाही बहुतेक.)

चहाबाज:
अहो, रूप खुलतं तसतशी ती क्रूर होत जाते. ते बक्षीस म्हणून दिलेलंच नाही.

भोपळे_चौकात:
आणि केल्सीला दृष्टान्तात दिसणाऱ्या लिलीचं काय? फौज पुढे सरकतेय, आपण श्वास रोखून बसलोय, आणि पान उलटलं की जुन्या अमेरिकेतला तिचा मारकुटा नवरा! मला तो भाग आवडला, पण राणीच्या दरबाराची पानं त्यानेच खाल्ली. शेवट मात्र जमलाय. आपल्या अंगरक्षकांचा प्रमुख मेस याला कारभारी नेमून केल्सी स्वतः लाल राणीच्या छावणीत जाते, नीलमणी देते आणि फौज माघारी वळवते. राणीला शोभेल असं काम.

कोरांटी:
शोभेलच की. पण तोवर सरहद्दीवर सैनिक मेले, त्यांचा हिशोब त्या सौद्यात कुठे आहे?