खाल्ल्या घरचे वासे: नोकरीत दिसलेलं सांगितलं की गिळलं? तुमचे अनुभव

आपल्याकडे नोकरी लागते ती ओळखीनं. कुणीतरी मामा, कुणीतरी गाववाला शब्द टाकतो. म्हणून आत काही वाकडं दिसलं की जीभ उचलत नाही. "खाल्ल्या घरचे वासे मोजतो" हे ऐकून घ्यायची तयारी नसते. खान्देशातल्या जिनिंगमध्ये, डाळ मिलमध्ये, पतसंस्थेत, सरकारी कचेरीत काम केलेल्यांनी मोकळेपणानं लिहावं. माणसाचं, संस्थेचं नाव नको, तालुका चालेल. सुरुवात मी करतो.

पारोळा, पतसंस्था

वडील गेले तेव्हा मी बारावीला होतो. दहाव्याच्या दिवशी चेअरमन घरी आले, आईला म्हणाले, "पोराला सोमवारपासून पाठवा." त्या पगारावर बहिणीचं लग्न झालं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं या ओझ्याखाली झालं.

चार-पाच वर्षांत हिशेब कळायला लागले. थकलेल्या कर्जाचं दर मार्चला नवं-जुनं व्हायचं. त्याच माणसाच्या नावावर आणखी मोठं कर्ज टाकायचं आणि त्यातून जुनं फिटलं असं दाखवायचं. तारणाच्या फायलीत सातबाऱ्याची झेरॉक्स, बोजा कुठेच चढवलेला नाही. व्हाउचरवर सही माझी. ठेवीवर साडेबारा टक्के व्याज म्हणून लोक रांग लावायचे. बँकेतल्या ठेवीला विम्याचं कवच असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. हे काउंटरवर कुणी विचारत नव्हतं आणि मी सांगत नव्हतो.

बाजारात वांगी विकणारी एक माय दर सोमवारी यायची. पावती दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली, पिशवीला सुतळी, आणि ती ओच्यात खोचलेली. बोटं वाकडी झालेली, म्हणून सुतळीची गाठ मलाच सोडायला लावायची. नातीच्या लग्नासाठी 40 हजार ठेवले होते.

2006 च्या दिवाळीत मी मामाला बाजूला घेऊन सांगितलं, "ठेव काढून घ्या, कुणाला बोलू नका." मामानं दोन लाख काढले. पुढच्याच सोमवारी माय आली. मी गाठ सोडली, पावतीचं नूतनीकरण केलं, गाठ पुन्हा मारून दिली. 2007 च्या सुमारास जिल्ह्यात एकामागून एक पतसंस्थांमध्ये लोकांच्या ठेवी अडकल्या, त्यात आमचीही संस्था होती.

पतसंस्थांवर देखरेख करणाऱ्या सहायक निबंधकांचं ऑफिस शाखेपासून चालत दहा मिनिटांवर होतं. मी कधी गेलो नाही. बरीच वर्षं मी याला निष्ठा म्हणत होतो. पण निष्ठाच असती तर मामालाही सांगितलं नसतं.

धरणगाव, जिनिंग

2011 च्या हंगामात मी काट्यावर होतो. काकाचा कापूस गावातल्या काट्यावर 11 क्विंटल 40 किलो भरला आणि आमच्याकडे 11 क्विंटल 22. तेव्हा डोक्यात उजेड पडला. शेटजींच्या मुलानं काट्यात फेरफार करून घेतला होता. मी सरळ शेटजींकडे गेलो, दुपारी, आजूबाजूला कुणी नसताना. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी वैधमापनवाल्यांना बोलावून काटा तपासून घेतला, नवा शिक्का मारून घेतला. पुढच्या हंगामाला मला बोलावणं आलं नाही. दिवाळीला मात्र शेटजींकडून मिठाईचा डबा घरी येतो, अजून येतो. त्या डब्याचं काय समजायचं ते मला आजवर उमगलेलं नाही.

धडगाव, आश्रमशाळा

मी कामाठी होते. रजिस्टरवर तूरडाळ सहा किलो, आणि माझ्या हातानं पातेल्यात ओतलेली अडीच. दीडशे पोरांना वरण म्हणजे पिवळं पाणी. खाली सही माझी लागायची. एक दिवस मी सही केली नाही. तक्रार नाही, अर्ज नाही, फक्त पेन खाली ठेवला. सर म्हणाले, "ताई, पोटावर पाय येईल." मी म्हटलं, "पोरांच्या पोटावर आलाच आहे." तिसऱ्या दिवशी डाळ मापात आली. दोन महिन्यांनी माझी बदली झाली, घाट ओलांडून पलीकडे. नवरा अजून म्हणतो, गप्प बसली असती तर. आमची स्वतःची पोरगी तेव्हा त्याच शाळेत चौथीत जेवत होती, याची त्याला आठवण करून द्यावी लागते.

जळगाव, डाळ मिल (मालक)

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. मुकादमाला मी उचल नाकारली, म्हणून त्यानं अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज टाकला, की आम्ही तूरडाळीत लाखेची डाळ, म्हणजे अपायकारक खेसारी, मिसळतो. नमुने गेले. अहवाल येईपर्यंत माल अडकला, बायांचा रोज बुडाला. अहवाल निर्मळ आला. त्या माणसाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, जाणारही नाही. पण त्याच गडबडीत चाळणीवरची एक बाई सांगून गेली, की वर्षभरापूर्वी बाहेरून आलेल्या एका लॉटमध्ये कुऱ्हाडीच्या पात्यासारखे तिरके दाणे तिला दिसले होते. "तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही." तो माल तोवर विकून, लोकांच्या पोटात जाऊन झाला होता. आता दर शनिवारी रोजाचे पैसे वाटताना मी स्वतः चाळणीपाशी थांबतो.

(धागाकर्ता: मुकादमाचा हेतू वाईट होता हे मान्य. तरी तपासणी नमुन्याची होते, हेतूची नाही. अर्ज टाकणाऱ्याचं मन साफ आहे का, हे आपण फार आधी विचारतो आणि डाळीकडे नंतर बघतो.)

धुळे, निवृत्त बँक अधिकारी

धाडसाबरोबर वाटही माहीत हवी. महामार्ग प्राधिकरणाचे इंजिनीयर सत्येंद्र दुबे यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, तरी ते पत्र नावासकट फिरलं. नोव्हेंबर 2003 मध्ये गयेला त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर 2004 मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे गुप्तपणे तक्रार करायची सोय झाली. केंद्राची खाती, महामंडळं, राष्ट्रीयीकृत बँका यात येतात. मी 2012 मध्ये ती वापरली. पाइपलाइनच्या कर्जाच्या तीस फायली, सगळ्यांत एकाच दुकानाची कोटेशनं, एकाच हस्ताक्षरातली. लिफाफा बंद, वर जनहित प्रकटीकरणाची तक्रार असल्याचं लिहिलेलं, माझं नाव-पत्ता फक्त आतल्या कागदावर. निनावी पत्र चालत नाही. आणि त्याच्या प्रती चार साहेबांना पाठवू नका, मग गुप्तता राहत नाही. चौकशी झाली, माझं नाव फुटलं नाही. त्या मॅनेजरबरोबर मी पुढे वर्षभर एकाच टेबलावर डबा खाल्ला. ते फार जड गेलं.

राज्य सरकारच्या माणसाला ही वाट नाही. गैरव्यवहार उघड करणाऱ्या जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेनं केला, 2014 मध्ये राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो लागू केलेला नाही. लाच मागितली तर 1064 वर फोन करता येतो. जळगावच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात तत्कालीन महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी 2006 मध्ये फिर्याद दिली आणि धुळ्याच्या न्यायालयाचा निकाल ऑगस्ट 2019 मध्ये लागला. आयुक्ताच्या फिर्यादीला तेरा वर्षं. तेव्हा पाहिलेलं त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहा, मूळ कागद उचलून घरी नेऊ नका. आणि एकट्यानं धाडस करायला जाऊ नका. आपल्या वेशीवर, मनमाडजवळ, इंधन तेलातली भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे 25 जानेवारी 2011 ला जाळले गेले.

चाळीसगाव

माझ्या वडिलांनी ऑफिसातल्या खोट्या बिलांची तक्रार केली होती. माझ्या लग्नाला तिथलं कुणी आलं नाही. फक्त एक शिपाईकाका आले, मंडपाच्या मागच्या बाजूनं. पाकीट वडिलांच्या हातात दिलं आणि न जेवता गेले.

पारोळा, पुन्हा मी

त्या मायचं पुढे काय झालं, असं दोघांनी विचारलं. 2015 मध्ये मी तिला बाजारात गाठलं. तोवर तिला तुकड्या-तुकड्यानं 11 हजार परत मिळाले होते, नातीचं लग्न सावकाराच्या पैशावर झालं होतं. मी खाली बसून सगळं सांगितलं. मला आधीपासून माहीत होतं, मी मामाला सांगितलं, तुम्हाला नाही. ती वांग्यांवर पाणी मारत होती. हात थांबला. म्हणाली, "तुना मामाले भेटनात का पैसा?"

मी हो म्हटलं. तिनं आणखी काही विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं होतं.