चर्चा: सौर प्रकल्पाला शेती भाड्याने. फायदा गावाचा की फक्त सातबारावाल्याचा?

बांधावरचा: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरसाल ३ टक्के वाढ. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. मुरमाड कोरडवाहू रानात ज्वारी-हरभऱ्यातून एवढं निव्वळ सुटत नाही. शिवाय त्या फीडरवरच्या, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीवरच्या, पंपांना दिवसा वीज. रात्री दोनला साप-विंचवात पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जाणं थांबलं, तर तोच गावाचा विकास. माझं मत: द्यावी.

कोरडवाहू: ती वाढ सरळ आहे, चक्रवाढ नाही. म्हणजे वर्षाला ३,७५० रुपये. पंचविसाव्या वर्षी भाडं २,१५,०००. महागाई ५ टक्के धरली तर आजच्या सव्वा लाखाच्या बरोबरीला तेव्हा चार लाख लागतील. आणि पैसे जातात सातबारावर नाव असलेल्याला. वाट्याने कसणारा, खुरपणीला जाणाऱ्या बाया, यांचा रोजगार बुडतो. पुढे कामं उरतात ती राखणीची आणि पॅनल धुण्याची. गायरान तर नाममात्र १ रुपया भाड्याने जातं. मेंढरं कुठे न्यायची?

बांधावरचा: ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख मिळतात, तेही धरा.

कोरडवाहू: तीनच वर्षं. जमीन अडकते पंचवीस वर्षं.

मोजणीवाला: दरावर वाद चाललाय, पण घात होतो तो पाण्यात. सपाटीकरणात ताली, म्हणजे माती-पाणी अडवणारे बांध, मोडतात. पॅनलच्या कडेवरून पाणी एकाच रेषेत पडतं आणि वळवाच्या पहिल्या सरीत खालच्या शेतातली माती घेऊन जातं. तो खालचा शेतकरी करारात कुठेच नसतो! म्हणून चर, दगडी सांडवा आणि त्यांची दरवर्षीची दुरुस्ती कोणाकडे, हे करारात लिहून घ्या. शिवरस्ता, म्हणजे दोन गावांच्या शिवेवरची वाट, कुंपणात जाता कामा नये. मुदत संपल्यावर खांब-काँक्रीट काढायचा खर्च कंपनीचा, त्याची अनामत सुरुवातीलाच. बाकी नेहमीचं: बहिणींसह सगळ्या सहहिस्सेदारांची संमती, सातबाराच्या इतर हक्कातला कर्जाचा वगैरे बोजा, हद्दीची मोजणी, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी.

बांधावरचा: सांडव्याचं पटलं. कंपनीचा करार छापील येतो. एकट्याने गेलं तर त्यातली ओळही हलत नाही. लगतच्या गटांनी मिळून बोलणी करावीत. गायरान मात्र वगळावं, हे मलाही मान्य.

कोरडवाहू: मग तशी ग्रामसभा पावसाळ्यातच घ्या. दिवाळीनंतर मेंढपाळ कोकणात उतरलेले असतात.