शब्दचर्चा: घडी बसवणे, घडी मोडणे, घडी विस्कटणे

अक्षरवेडी
एका पुस्तिकेचं मराठीकरण करते आहे. विषय तंत्रज्ञान कंपन्यांमधलं नेतृत्व. नवं आणत राहायचं आणि चालू आहे ते कोसळू द्यायचं नाही, ही दोन्ही ओझी एकाच माणसाच्या खांद्यावर. त्यात फेसबुकचा दाखला आहे. कंपनीचं जुनं घोषवाक्य 'वेगाने चला, मोडतोड झाली तरी चालेल' अशा अर्थाचं. २०१४ मध्ये झकरबर्ग यांनी ते बदललं आणि 'पायाभूत यंत्रणा स्थिर ठेवून वेगाने चला' अशा अर्थाचं केलं. पहिलं मराठीत छान उतरतं, दुसरं थेट सरकारी परिपत्रक होतं. (मूळ वाक्यही तितकं खटकेबाज राहिलं नव्हतं म्हणा.) 'वेगाने चला, पण घडी विस्कटू देऊ नका' कसं वाटतं? आणि इनोव्हेशनला नवोन्मेष, नवकल्पना, नावीन्य, नाविन्यता यांतलं काय घेऊ?

तात्या दातार
घडी जरूर वापरा. मात्र क्रियापद जपून, कारण घडीचा सगळा अर्थ क्रियापदावर फिरतो. घडी घालणे म्हणजे नुसतं दुमडणं. घडी बसते ती संसाराची, कारभाराची, बदलीच्या गावातल्या दिनक्रमाची. घडी विस्कटणे हे त्याच्या उलट. घडी मोडणे मात्र या भांडणात पडतच नाही. कोरी साडी पहिल्यांदा नेसली की तिची घडी मोडली म्हणतात. त्यात नुकसान नाही, हौस आहे. आणि ती मालकिणीनेच मोडावी असंही नसतं. नणंदेला, जावेला, लेकीला 'तू मोड गं घडी' म्हणून आधी नेसायला देतात. दिवसभर अंगावर राहिली की निऱ्या फुगतात का, पदर घसरतो का, काठ चापूनचोपून बसतो का, सगळं समजतं. विस्कटणं आपसूक घडतं, मोडणं ठरवून होतं. तुमच्या विषयाला हा फरक उपयोगी पडेल.

कोडवाला पक्या
तात्या, हे तर आमचं कॅनरी रिलीज झालं! नवा कोड सगळ्यांना एकदम देत नाहीत. आधी एक टक्का वापरकर्त्यांवर सोडायचा, चुकांचा आलेख पाहायचा, मग पाच, मग पंचवीस. आलेख चढला की तिथूनच मागे घ्यायचा. नणंदेला साडी दिली तीच रीत.

अक्षरवेडीताई, पुस्तिकेत गुगलचं 'एरर बजेट' असेल तर त्यावरही बोलू. तिथे २००३ मध्ये बेन ट्रेनॉर स्लॉस यांनी यंत्रणा चालू ठेवणाऱ्या अभियंत्यांचा वेगळा गट बांधला. त्यांचा हिशेब असा: सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील असं ठरवलं, तर तीस दिवसांत सुमारे ४३ मिनिटं बंद पडायची मुभा उरते. ही मुभा म्हणजे खर्चाला मिळालेली रक्कम. ती शिल्लक असेपर्यंत नवं खुशाल आणा. संपली की नवं काही सोडायचं नाही, आधी दुरुस्ती. आणि १०० टक्क्यांचा हट्ट धरायचाच नाही, कारण मग कोणी काही बदलायलाच धजत नाही.

खरी परीक्षा बजेट संपतं त्या दिवशी असते. विक्रीवाल्यांनी ग्राहकाला तारीख देऊन ठेवलेली असते, दिवाळी तोंडावर असते, आणि सगळे वरच्या माणसाच्या तोंडाकडे बघतात. तिथे तो 'एवढ्या वेळी जाऊ दे' म्हणाला की नियम गेला. मी आजवर ज्या ज्या टीममध्ये काम केलं, तिथे हा आकडा भिंतीवर झळकत होता. तो पाळणारे वरिष्ठ मोजकेच भेटले.

तात्या दातार
४३ मिनिटं म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने पावणेदोन घटका आणि वर थोडं. २४ मिनिटांची एक घटका, तिलाच घडीही म्हणत. तेव्हा महिन्याला जेमतेम पावणेदोन घडी विस्कटायची परवानगी!

सुलभा मावशी
मला 'घडी'पेक्षा 'बसणे' जास्त खुणावतंय. मराठीत स्थैर्य नेहमी बसतं: घडी बसते, जम बसतो, बस्तान बसतं, हात बसतो. पण 'धंदा बसला' म्हटलं की बुडाला. बँकेत 'सर्व्हर बसलाय' ऐकलं की आपण पासबुक घेऊन घरी. एकच क्रियापद, आणि फार वेळ बसून राहिलात तर ते उलटतं.

नोकियाचं हेच झालं असं मला वाटतं. त्यांच्या फोनमधल्या सिंबियन प्रणालीची घडी उत्तम बसली होती, कारखाने, दुकानदार, सगळं जागच्या जागी. २००७ मध्ये आयफोन आला तरी ती मोडायला मन होईना. मग फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी एकदम जाहीर केलं की आता मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली. जुनं संपलं म्हणून सांगून मोकळे झाले, आणि नवा फोन दुकानात यायला त्या वर्षीची दिवाळी उलटली. मधल्या काळात संपणार म्हणून जाहीर झालेला फोन कोण घेणार? २०१४ च्या एप्रिलमध्ये फोनचा सगळा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. आधी घडी नको इतकी बसली, मग एका दिवसात विस्कटली. मोडायची ती कधी मोडलीच नाही.

कोडवाला पक्या
मावशी, दंडवत.

रानवारा
इलॉपना सगळा दोष देऊ नये. ते आले तेव्हा उशीर झालाच होता.

मला लिनक्स या संगणक प्रणालीचं उदाहरण जास्त पटतं, कारण तिथे घडी कुठली मोडायची आणि कुठली नाही याची सीमा स्पष्ट आखलेली आहे. कर्नलची, म्हणजे तिच्या गाभ्याची, नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे दार उघडं, नवे बदल आत. मग दार बंद. पुढे दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती, आणि त्यात फक्त दुरुस्त्या. कितीही मोठ्या कंपनीचा कोड असो, दार चुकलं तर पुढच्या फेरीला या. शिवाय बाहेर पडलेल्या आवृत्त्यांची डागडुजी वेगळी चालते. ते खातं बरीच वर्षं ग्रेग क्रोआ-हार्टमन सांभाळतात. म्हणजे नवं आणणारा हात वेगळा, बसलेलं राखणारा वेगळा.

आणि लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स यांचा पक्का नियम: कर्नलच्या पोटात हवी तेवढी उलथापालथ करा, पण वापरकर्त्याचा काल चालणारा प्रोग्राम आज बंद पडता कामा नये. डिसेंबर २०१२ मध्ये एका जुन्याजाणत्या सहकाऱ्याने चूक कर्नलची नसून प्रोग्रामचीच आहे असं म्हटलं, तेव्हा टॉरव्हल्ड्स यांनी सगळ्यांदेखत, मोठ्या अक्षरांत त्याला झापलं. भाषा असभ्य होती, आणि तसल्या भाषेबद्दल पुढे २०१८ मध्ये त्यांनी माफीही मागितली. नियम मात्र तसाच राहिला. म्हणून मी लिहीन: 'आतली घडी रोज मोडा, बाहेरची विस्कटू देऊ नका.' फेसबुकच्या वाक्याला हे लागू नाही, त्यांचा भर आतली यंत्रणा न ढासळण्यावर होता. तिथे ताईंचं वाक्य बरं.

सुलभा मावशी
'नाविन्यता' तेवढं नको. नवीनचं भाववाचक नाम नावीन्य, त्याला पुन्हा 'ता' कशाला? उद्या सौंदर्यता लिहाल. शासनाच्या विभागाच्या नावातच 'नाविन्यता' आहे, त्यामुळे ती आता हटणार नाही. वी ऱ्हस्व झाली ते वेगळंच. नवोन्मेष सुरेख आहे, उन्मेष म्हणजे उमलणं, पण तो प्रतिभेच्या प्रांतातला शब्द. बिलाच्या छपाईत केलेल्या सुधारणेला नवोन्मेष म्हणवत नाही. तिथे सरळ 'नवं काही' लिहा.

अक्षरवेडी
नवोन्मेष शीर्षकापुरता ठेवते, आत 'नवं'. आता लीडरचं बघा. नेता म्हटलं की निवडणूक आठवते.

तात्या दातार
पुढारी त्याहून वाईट. म्होरक्या टोळीचा असतो. धुरीण अग्रलेखात शोभतो. मला 'कारभारी' आवडतो, कारण त्यात रोजचं चालवणं येतं. पण त्यात नवेपणाचा वास नाही हेही खरं.

कोडवाला पक्या
आमच्या गावाकडे कारभारी म्हणजे नवरा. 'आमचं कारभारी शेतावर गेल्यात.'

अक्षरवेडी
तीच अडचण आहे. एका प्रकरणात एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुख लिसा सू आहेत. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांनी सूत्रं घेतली तेव्हा कंपनी अडचणीत होती. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या खेळयंत्रांच्या चिपांमधून येणारा पैसा हा आधार, आणि दुसऱ्या हाताने झेन नावाची चिपची नवी रचना, जी बाजारात यायला २०१७ उजाडलं. उदाहरण चपखल. पण त्यांना कारभारीण म्हटलं की वाचकाला घरधनीण दिसेल.

तात्या दातार
मग नाम सोडा, क्रियापद धरा. 'लिसा सू यांनी कारभार हाती घेतला तेव्हा' एवढं लिहिलंत की पुढचं वाक्य आपोआप चालू लागेल.