३,२५० मीटरवर ईएलआर (अर्थ लीकेज रिले) कधी उगाच ट्रिप मारतो, कधी गप्प बसतो. सेन्सर बदलायचा का?

पंपहाउस_लेह

नमस्कार मंडळी. मी मूळचा इस्लामपूरचा. सध्या लेहजवळ सिंधूच्या काठी एका पाणी उपसा केंद्राची इलेक्ट्रिकल बाजू सांभाळतो. उंची साधारण ३,२५० मीटर. ११ केव्हीची लाइन, ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, जोडीला डीजी (डिझेल जनरेटर), आणि ४१५ व्होल्टवर ४५ किलोवॉटचे चार पंप. शेजारचा खडी क्रशर थंडीत बंद असतो, पंप मात्र बारा महिने चालवावे लागतात, कारण वस्तीला हेच पाणी जातं.

प्रत्येक पंपाच्या फीडरवर (पंपाला वीज नेणाऱ्या लाइनवर) सीबीसीटी, म्हणजे केबलभोवतीचा गळती पकडणारा सेन्सर, आणि त्याच्या इशाऱ्यावर पंप तोडणारा ईएलआर आहे, सेटिंग ३०० मिलिअँपिअर. डिसेंबर लागल्यापासून दोन नंबरचा पंप सकाळी ट्रिप मारतो. पहाटे उणे १८ मध्ये बिनतक्रार चालतो, आणि ऊन पंपावर आलं की थोड्या वेळात जातो. आम्ही मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) काढून मोटर सोडवेपर्यंत दुपार होते, तेव्हा रीडिंग ५० मेगओहमच्या वर.

दुसरी गोष्ट याच्या बरोबर उलटी. तीन नंबरच्या केबलवर जेसीबीचा दात बसला. एक फेज आर्मरला (केबलच्या लोखंडी आवरणाला) भिडला, धूर निघाला, आणि ईएलआर शांत. शेवटी एमसीसीबी (फीडरचा ब्रेकर) तापून थर्मलवर गेला. नंतर टेस्ट बटण दाबलं तर ईएलआर लगेच पडला.

पॅनेलवाल्याचं म्हणणं असं की उंचीवर हवा विरळ, त्यामुळे सेन्सरची संवेदनशीलता बिघडते, सगळे सेन्सर हाय अल्टिट्यूडचे घ्या. हे खरं आहे का? पैशांचा प्रश्न आहेच, पण पंप चालवणारी मुलं ओल्या काँक्रीटवर उभी असतात आणि मला त्यांची काळजी वाटते.

ओम_मीटर

उंचीवर हे चालतंच. सेटिंग १ अँपिअर करा, एक सेकंदाचा डिले द्या, सकाळचा त्रास संपेल. मोटर चांगली आहे हे मेगरने सांगितलंय ना?

सातपूर_टेस्टिंग

पंपहाउस, आधी एक विनंती. वरचा सल्ला आज अमलात आणू नका. कारण पुढे सांगतो.

मी रिले टेस्टिंगमध्ये आयुष्य घालवलं, त्यातला बराच काळ हिमाचल आणि लडाखच्या साइटवर. सीबीसीटी म्हणजे लोखंडाचा गोल कोअर आणि त्यावर तांब्याची तार. त्यातून जाणाऱ्या फेज आणि न्यूट्रलची बेरीज शून्य असेल तर तो गप्प, नसेल तर सेकंडरीत करंट. यात हवेचं काही काम नाही. मुंबईत जे ३०० मिलिअँपिअर मोजेल तेच तुमच्याकडे मोजेल. पॅनेलवाल्याने हवेचा दाब कमी असल्याचं सांगितलं ते खरं, तुमच्याकडे तो समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश असेल. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

विरळ हवेचा परिणाम होतो तो इन्सुलेशनवर आणि गार होण्यावर. कमी व्होल्टेजच्या स्विचगिअरचं स्टँडर्ड २,००० मीटरपर्यंतचं गृहीत धरून लिहिलेलं असतं. त्याच्या वर हवेतली अंतरं वाढवावी लागतात: ३,००० मीटरला १.१४ पट, ४,००० ला १.२९ पट. म्हणजे जिथे ३ मिलिमीटर पुरत होते तिथे ४,००० मीटरवर जवळपास ३.९ हवेत. हा प्रश्न ईएलआरच्या आतल्या पॉवर सप्लायचा आणि आउटपुट रिलेच्या कॉन्टॅक्टचा आहे, कोअरचा नाही. तेव्हा कंपनीकडून लेखी मागायचं असेल तर रिलेबद्दल मागा: या उंचीला चालेल का, आणि किती उणे तापमानाला चालेल. पॅनेलच्या आतल्या उपकरणांसाठी नेहमीची खालची मर्यादा उणे ५ असते. तुमच्या पॅनेलमधला स्पेस हीटर चालू आहे का, ते आज हात लावून बघा. वीज वाचवायला तो बंद केलेला मी फार ठिकाणी पाहिलाय.

आता सकाळची ट्रिप. उणे १८ ला पंप चालतो आणि उन्हात पडतो, यातच उत्तर आहे. बर्फ वीज फारशी वाहून नेत नाही. रात्री मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये दव गोठून बसतं, त्यात तुमच्याकडची बारीक धूळ मिसळलेली असते. ऊन लागलं की ते वितळतं, आणि टर्मिनल ब्लॉकवर धुळीच्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. त्या थरातून लीकेज. दुपारपर्यंत तो वाळतो आणि मेगर तुम्हाला छान आकडा दाखवतो. पंप पडला की तिथल्या तिथे, बॉक्स उघडायच्या आधी, पॅनेलच्या टोकाकडून मेगर करा. मग बॉक्स उघडून टर्मिनलच्या खालच्या बाजूला बोट फिरवा. अर्थात लॉकआउट लावून आणि व्होल्टेज नाही याची खात्री करून. बोट ओलं आलं तर ईएलआर खरं बोलत होता.

ओम_मीटर, तुमच्या १ अँपिअरबद्दल. गोठलेल्या जमिनीत अर्थिंगचं काय होतं ते बघा. वाळूमिश्रित मातीचे पुस्तकातले आकडे आहेत: २० अंशाला रेझिस्टिव्हिटी (मातीचा विजेला होणारा विरोध) ७२ ओहम-मीटर, शून्याला गोठल्यावर ३००, उणे ५ ला ७९०, उणे १५ ला ३,३००. उन्हाळ्यात ६ ओहम दाखवणारा अर्थिंगचा पिट (खड्डा) जानेवारीत ७० दाखवू शकतो. समजा पंपाकडे येणारी अर्थ पट्टी कुठे तुटली आणि बॉडी फक्त त्या पिटवर राहिली. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा पिट २० ओहम धरा. २४० व्होल्ट भागिले ९० म्हणजे अडीच-पावणेतीन अँपिअर. १०० अँपिअरच्या एमसीसीबीला ते कळणारच नाही. आणि पंपाच्या बॉडीवर १८० च्या वर व्होल्ट. त्या वेळी मुलांना वाचवणारा एकटा ईएलआर. सूत्र साधं आहे, पिटचा ओहम गुणिले ट्रिपचा करंट ५० व्होल्टच्या आत हवा. ७० ओहमला ३०० मिलिअँपिअर म्हणजे २१ व्होल्ट. १ अँपिअर केलंत तर ७०. त्यावर आणखी एक सेकंदाचा डिले म्हणजे एक सेकंद तो माणूस त्या बॉडीला चिकटलेला.

जमेल तितक्या लवकर ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपासून प्रत्येक पंपापर्यंत सलग अर्थ पट्टी आहे का ते मोजून बघा. फॉल्टचा करंट पट्टीतून परत यायला हवा, तो गोठलेल्या मातीवर सोडू नका.

तीन नंबरच्या केबलबद्दल मला एकच फोटो हवाय: सीबीसीटीतून केबल कशी गेली आहे, आणि ग्लँड (केबलचं टोक पॅनेलला घट्ट धरणारा, आर्मरला जोडलेला भाग) कोअरच्या वर आहे की खाली.

अटाकामाकर

मी उत्तर चिलीत तांब्याच्या खाणीत आहे, ४,००० मीटरच्या वर. सातपूर सर म्हणतात ते आमच्याकडे रोज अनुभवतो. इथे जमीन इतकी कोरडी की तिच्यावर कुणी भिस्त ठेवत नाही. फिरत्या यंत्रांच्या केबलमध्ये ग्राउंड वायर सलग आहे की नाही हे तपासणारा वेगळा रिले असतो, वायर तुटली की यंत्र बंद.

एक भर घालतो. न्यूट्रलला रेझिस्टर लावलेला असेल तर तोही बघा. तो हवेने गार होतो, विरळ हवेत जास्त तापतो, आणि एकदा का तो आतून तुटला की फॉल्टला वाटच उरत नाही. सेन्सर चांगला असूनही आंधळा होतो. त्यासाठी रेझिस्टरवर नजर ठेवणारा मॉनिटर लावतात.

आणि तुमच्या ११ केव्हीच्या पॅनेलची नेमप्लेट वाचा. मोठ्या व्होल्टेजला १,००० मीटरपासूनच दुरुस्ती सुरू होते. ३,२५० मीटरला गुणक १.३२ च्या आसपास. १२ केव्ही क्लासचा २८ केव्हीचा विदस्टँड (इन्सुलेशनने सोसायचा व्होल्टेज) ३७ हवा आणि इम्पल्सचा (वीज पडल्यासारख्या झटक्याचा) ७५ चा जवळपास ९९. १७.५ केव्ही क्लासमध्ये ३८ आणि ९५ मिळतात, म्हणजे इम्पल्सला तोही कमी पडतो. २४ केव्ही क्लासचा घेतलेला असावा किंवा बनवणाऱ्याने उंची लिहून दिलेली असावी. ब्रेकरच्या व्हॅक्यूम बॉटलच्या आतल्या भागाला याने फरक पडत नाही, बाहेरच्या हवेतल्या इन्सुलेशनला पडतो.

पंपहाउस_लेह

सगळ्यांचे मनापासून आभार. सातपूर सर, आज सकाळी पंप पडला तेव्हा मेगर हाताशी ठेवला होता. पॅनेलकडून रीडिंग अर्धा मेगओहमही नाही. बॉक्स उघडला तर ब्लॉकच्या खाली चिखलासारखा ओला थर, आणि बॉक्सचं गॅस्केट एका कोपऱ्यात कडक होऊन चिरलेलं. स्पेस हीटरचा एमसीबी खरंच खाली होता.

तीन नंबरचा फोटो टाकलाय. ग्लँड सीबीसीटीच्या वर आहे, केबल आर्मरसकट कोअरमधून गेली आहे, आणि ग्लँडपासूनची हिरवी वायर सरळ बाजूच्या अर्थ बसला (अर्थच्या सामाईक पट्टीला). चारही फीडर असेच.

सातपूर_टेस्टिंग

फोटो पाहिला, हेच वाटलं होतं. तुमच्या केबलमध्ये फेज आर्मरला भिडला तेव्हा करंट फेजमधून कोअरच्या आतून गेला आणि आर्मरमधून त्याच कोअरच्या आतून परत आला. जाणारा तितकाच येणारा, बेरीज शून्य. कोअरला फॉल्ट दिसलाच नाही. टेस्ट बटण तरी का चाललं? ते फक्त रिलेची इलेक्ट्रॉनिक्स आणि ट्रिपची वायरिंग तपासतं, केबल कोअरमधून कशी गेली आहे हे त्याला ठाऊक नसतं.

दुरुस्ती सोपी आहे. ग्लँड प्लेटपासून इन्सुलेट करा. ग्लँडची अर्थ वायर इन्सुलेटेड घ्या, ती वरून परत कोअरमधून खाली आणा, आणि कोअरच्या खालच्या बाजूला अर्थ बसला जोडा. म्हणजे आर्मरचा करंट एकदा वर जातो, एकदा खाली येतो, त्याचा हिशेब मिटतो आणि फेजचा उरतो. वायर कोअरच्या वर असताना कुठेही लोखंडाला टेकता कामा नये, टेकली तर सगळं वाया. नवीन पॅनेल आलं तर ग्लँड कोअरच्या खाली घ्यायला सांगा, मग ही कसरतच नको.

त्यानंतर प्रत्येक फीडरला प्रायमरी इंजेक्शन करा, म्हणजे कोअरमधून खरा करंट सोडून बघा. टेस्ट बटणावर समाधान मानू नका. २४ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, एक रिओस्टॅट, लीकेज क्लॅम्प मीटर, एवढं पुरतं. पंप बंद ठेवून कोअरमधून एक तार ओवा आणि करंट हळूहळू वाढवा. ३०० मिलिअँपिअर सहज मिळत नसेल तर तारेचे ५ वेढे घ्या, ६० मिलिअँपिअरमध्ये तेच काम होतं. रिले १५० ते ३०० च्या मध्ये कुठेतरी पडला पाहिजे. हे एकदा पॅनेल गार असताना पहाटे करा, एकदा दुपारी. दोन्ही आकड्यांत मोठा फरक आला तर रिलेला थंडी बाधतेय, आणि मग रिले बदलण्यासाठी पैसे मागायला तुमच्याकडे कागद असेल. सेन्सरसाठी मात्र एक रुपयाही देऊ नका.

क्लॅम्पने प्रत्येक फीडरचा नेहमीचा लीकेजही लिहून ठेवा. तिन्ही फेज एकत्र क्लॅम्पमध्ये घेऊन. १०० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक.

पंपहाउस_लेह

दोन नंबरला नवीन गॅस्केट आणि बॉक्समध्ये छोटा हीटर, आजच लावतो. चारही ग्लँडची वायर रविवारी शटडाउन घेऊन फिरवू. एक शंका राहिली: डीजीवर असताना एक नंबर अधूनमधून पडतो, लाइनवर कधीच नाही. त्याच फीडरवर पंपहाउसचे दिवे आणि हीटर आहेत.

सातपूर_टेस्टिंग

दिवे आणि हीटर म्हणजे त्या फीडरला न्यूट्रल आहे. तो न्यूट्रलही कोअरमधून गेलाय ना? आणि चेंजओव्हर (लाइन आणि डीजी यांत अदलाबदल करणारा स्विच) थ्री पोल, म्हणजे न्यूट्रल न तोडणारा असेल तर डीजीचा स्टार पॉइंट (त्याचं न्यूट्रलचं टोक) आणि ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी अर्थला जोडलेले राहतात, न्यूट्रलचा थोडा करंट अर्थमधून वळसा घालतो आणि ईएलआरचा कोअर त्या वळशाच्या वाटेवर असेल तर त्याला तो लीकेज वाटतो. पुढे पंपहाउसच्या डीबीत (वीज वाटपाच्या बॉक्समध्ये) कुणी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधले असतील तरी असंच होऊ शकतं. चेंजओव्हरचे पोल मोजा, डीबीचा फोटो टाका. फोर पोल असेल तर आधी डीबी उघडू.