शोधयंत्रातून नेमकी माहिती कशी मिळवावी?

प्रश्न: पायथन या सापाच्या प्रजननाविषयी वाचायचे असताना मला बहुतेक पाने त्याच नावाच्या संगणकभाषेचीच मिळतात. शब्द वाढवून पाहिले, तरी फरक पडला नाही. शिवाय शब्दापूर्वी अधिकचिन्ह लावण्याचा जुना उपाय आता चालत नाही का?

उत्तर १: अधिकचिन्हाची ती सोय गूगलने २०११ मध्येच काढून टाकली, आता शब्द किंवा वाक्यांश जसाच्या तसा हवा असल्यास तो दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावा. नको असलेल्या शब्दापूर्वी वजाचिन्ह लावावे. मात्र चिन्ह आणि शब्द यांत जागा सोडू नये. बहुतेकांची चूक नेमकी इथेच होते.

उत्तर २: रोमन लिपीत ‘साइट’ लिहून, त्यास चिकटून अपूर्णविराम व संकेतस्थळाचा पत्ता दिल्यास शोध त्या स्थळापुरता मर्यादित होतो. ‘फाइलटाइप’ हा शब्द तसाच वापरून केवळ पीडीएफ मागवता येतात, आणि संशोधनपर लेखन बहुधा त्याच स्वरूपात असल्याने आपल्या विषयासाठी मला हा मार्ग सर्वांत उपयोगी वाटतो.

उत्तर ३: मराठीत शोधताना अवतरणचिन्हे जपून वापरावीत. ‘साप’ हा शब्द मजकुरात ‘सापाचे’, ‘सापांना’ अशा रूपांत येतो, त्यामुळे अवतरणांत एकच रूप दिल्यास उपयुक्त पाने निसटू शकतात. (ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांचा उपद्रव वेगळाच!) अशा वेळी दोन-तीन रूपांमध्ये रोमन मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ लिहावे.

प्रश्नकर्ता: वजाचिन्हानंतर मी जागा सोडत होतो.