बोअरच्या नोंदीतलं तापमान वाचताना

कॅलिफोर्नियातल्या भूऔष्णिक बोअरच्या सरकारी नोंदीत तळाचं तापमान असतं, तेवढं पाहिलं की झालं, असं काही जण म्हणतात. नाही होत. ड्रिलिंग करताना बोअरमध्ये फिरवलेल्या चिखलाने खडक गार झालेला असतो, त्यामुळे चिखल फिरवणं थांबवल्यावर काही तासांतच मोजलेला आकडा कमीच येतो. चिखल थांबवून किती तास झाले होते, ते शेजारी नोंदवलंय का बघा. एकाच खोलीवरची, वेगवेगळ्या वेळची दोन-तीन मोजमापं असली तरच हॉर्नर पद्धतीने (वेळेनुसार चढत जाणाऱ्या आकड्यांवरून खडकाचं खरं तापमान काढायची रीत) दुरुस्ती जमते. खोल जाताना तापमान मध्येच चढून पुन्हा कमी होत असेल, तर गरम पाणी बहुधा बाजूने आलंय. तिथेच आणखी खोल जाणं म्हणजे पैसे मातीत! आणि हो, कॅलजेम (कॅलिफोर्नियात अशा बोअरवर देखरेख करणारा राज्याचा विभाग) फक्त राज्याच्या नि खाजगी जमिनीवरच्या बोअरचं बघतं. केंद्राच्या जमिनीसाठी ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट.